जोडदुर्बीण : संग्रह आणि सांभाळ

(बंगळूर येथे मराठी वाचकांच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीने व्याख्यानास उभे राहावे आणि पुस्तकांविषयी न बोलता जुन्या जपानी दुर्बिणींविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. पक्षी आणि आकाश या विषयांवरील पुस्तके मराठीत आणताना या यंत्राच्या निरनिराळ्या भागांची नावे मला प्रथम शोधावी लागली. नावांच्या पाठोपाठ प्रत्यक्ष वस्तू घरात आली, पहिलीच्या पाठोपाठ दुसरी आली, आणि आज माझ्या कपाटात चौदा जपानी दुर्बिणी आहेत. त्यांतील एकही फारशी मौल्यवान नाही. परंतु त्या सर्व आजही काम देतात, आणि माझ्या दृष्टीने तीच त्यांची किंमत होय. आज मला जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे : जुन्या दुर्बिणींचा संग्रह करणे म्हणजे त्यांचा सांभाळ करणे, आणि वापराविना त्यांचा सांभाळ होऊ शकत नाही.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. 'दुर्बीण' हा शब्द आपण फारसीतून घेतला. 'दूर' म्हणजे लांबचे आणि 'बीन' म्हणजे पाहणारा. मराठीने हा शब्द इतका आपलासा केला की, आकाश न्याहाळावयाचे एकनळी यंत्र आपण दुर्बीण म्हणूनच ओळखतो, घोड्यांच्या शर्यती पाहावयाचे दोन नळ्यांचे यंत्रही दुर्बीणच, आणि पोटावरील शस्त्रक्रियाही हल्ली 'दुर्बिणीतून' होते. दोन नळ्यांच्या यंत्रास मी आज 'जोडदुर्बीण' म्हणणार आहे. जपानी भाषेत तिला 'सोगानक्यो' म्हणतात. हा शब्द तीन चित्राक्षरांचा आहे : जोडी, डोळा आणि आरसा. यांतील शेवटचे अक्षर भिंगासाठीही योजले जाते. तथापि 'आरसा' हा त्याचा मूळ अर्थ या यंत्राला चांगलाच शोभतो. तो कसा, हे पाहू.

जोडदुर्बिणीच्या पुढच्या टोकास जे मोठे भिंग असते ते वस्तुभिंग. डोळ्याशी असते ती नेत्रिका. वस्तुभिंगाने घडविलेली प्रतिमा उलटी असते. वर झाडाची मुळे आणि खाली शेंडा, असे दृश्य पाहून पक्षी ओळखता यावयाचा नाही. ही प्रतिमा सुलट करण्यासाठी दोहोंच्या मध्ये काचेचे दोन काटकोनी लोलक बसविलेले असतात. प्रकाशकिरण त्यांत शिरून आतल्या आत एकूण चार वेळा परावर्तित होतो, म्हणजे लोलक येथे आरशाचेच काम करतात. किरणाचा मार्ग दुमडला गेल्यामुळे नळी आखूड होते. शिवाय दोन वस्तुभिंगे आपल्या दोन डोळ्यांपेक्षा अधिक अंतरावर येतात, त्यामुळे दृश्यातील खोली वाढते. फांदी जवळ की तिच्यामागचे पान जवळ, हे चटकन उमगते. ही लोलकरचना इग्नात्सिओ पोरो या इटालियन गृहस्थांनी १८५४ साली पेटंट केली. तथापि तिच्यासाठी लागणारी स्वच्छ काच आणि बिनचूक घडण त्या काळी साध्य नव्हती. चाळीस वर्षांनी, १८९४ साली, जर्मनीतील येना येथे त्साइस कारखान्याने एर्न्स्ट आबे यांच्या मार्गदर्शनाखाली तयार केलेली लोलकी जोडदुर्बीण बाजारात आणली.

जपानचा या कलेतील प्रवेश नाविक गरजेतून झाला. १९०५ साली त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत रशियन आरमाराचा पराभव करणारे नौसेनापती तोगो यांच्या गळ्यात त्या दिवशी जर्मन त्साइस दुर्बीण होती. परक्या देशाच्या काचेवर आपल्या आरमाराचे डोळे अवलंबून आहेत, ही गोष्ट जपान्यांना खुपणे स्वाभाविक होते. १९११ साली फुजिई नावाच्या लहानशा भिंगनिर्मिती कारखान्याने 'व्हिक्टर' ही जपानची पहिली लोलकी जोडदुर्बीण तयार केली. पुढे पहिले महायुद्ध पेटले आणि जर्मनीहून येणारा माल बंद पडला. १९१७ च्या जुलैमध्ये भिंगे व काचसामान करणारे धंदे एकत्र आणून 'निप्पॉन कोगाकु' ही कंपनी स्थापन झाली. 'कोगाकु' म्हणजे प्रकाशशास्त्र. आज 'निकॉन' या नावाने जगाला परिचित असलेली कंपनी ती हीच. १९२१ साली तिने आठ जर्मन तंत्रज्ञांना जपानमध्ये आणविले, आणि त्याच वर्षी 'मिक्रॉन' ही तळहातावर मावणारी जोडदुर्बीण बाजारात आली.

तथापि संग्राहकाचे मन ज्या काळात रमते तो काळ १९४५ नंतरचा होय. युद्ध संपले आणि लष्करासाठी भिंगे घासणारे हजारो हात रिकामे झाले. देश उद्ध्वस्त, परकीय चलनाची निकड मोठी. थोडी काच, थोडे पितळ व ॲल्युमिनियम आणि पुष्कळ कौशल्य एवढ्या भांडवलावर जी वस्तू घडविता येईल आणि परदेशात विकता येईल, ती म्हणजे जोडदुर्बीण. तोक्योच्या इताबाशी भागात लहान लहान कारखान्यांचे जाळेच उभे राहिले. एकाने लोलक घासावे, दुसऱ्याने धातूचे अंग ओतावे, तिसऱ्याने पेच पाडावेत आणि चौथ्याने जुळणी करावी, अशी ही विभागणी होती. १९४७ ते १९५२ या काळात निर्यात मालावर 'मेड इन ऑक्युपाइड जपान', म्हणजे 'व्याप्त जपानमध्ये बनविलेले', अशी अक्षरे कोरलेली आढळतात. पराभूत राष्ट्राने स्वतःच्या पराभवाची मोहोर आपल्याच हाताने आपल्या मालावर उमटवावी, आणि त्या मोहरेखालची वस्तू मात्र उत्तम असावी! ही अक्षरे वाचताना मन अजूनही क्षणभर थबकते.

हा माल बहुतांशी अमेरिकेत गेला. डेव्हिड बुशनेल यांनी १९४८ च्या सुमारास जपानी दुर्बिणी आणून तेथे आपला व्यवसाय उभा केला. टास्को, स्विफ्ट अशी इतर नावेही पुढे घरोघर पोचली. यांतील पुष्कळ नावे व्यापाऱ्यांची होती, कारागिरांची नव्हती. एकाच कारखान्यातील एकाच घडणीची दुर्बीण पाच दुकानांत पाच नावांनी विकली जाई. मग खरा कर्ता ओळखावा कसा? दुर्बिणीच्या अंगावर, पुष्कळदा बिजागरीच्या पुढच्या टोपीवर किंवा नेत्रिकांच्या आडव्या पुलाखाली, 'जेबी' किंवा 'जेई' ही अक्षरे आणि त्यांपुढे एक क्रमांक बारीक कोरलेला आढळतो. हे क्रमांक सर्वसाधारणपणे धातूचे अंग करणाऱ्याचे किंवा जुळणी करणाऱ्या कारखान्याचे. दर्जाची तपासणी करणारी संस्थाही होती. तिच्या तपासणीतून उतरलेल्या मालावर सोनेरी रंगाची लंबगोल चिठ्ठी चिकटविलेली असे, आणि ती चिठ्ठी आजही एखाद्या दुर्बिणीवर टिकून असते.

दर्शनी भागावर ठळक अक्षरांत व्यापाऱ्याचे नाव आणि बिजागरीच्या टोपीवर भिंग लावून वाचावा लागणारा कारागिराचा क्रमांक! माझ्यासारख्या भाषांतरकार बाईला ही व्यवस्था मुळीच अनोळखी वाटत नाही. पुस्तकाच्या आतल्या पानावर, मुद्रकाच्या पत्त्याशेजारी ज्यांची नावे छापली जातात, त्यांच्यापैकी मी एक. नवी दुर्बीण हाती आली की प्रथम तो क्रमांक शोधावयाचा आणि वहीत टिपून ठेवावयाचा, असा माझा शिरस्ता आहे. क्रमांकामागे माणसे असतात, याची तेवढी नोंद.

आता या दुर्बिणी आपल्या घरांत कशा आल्या, हे पाहू. परदेशी मालाच्या आयातीवर १९९१ पूर्वी कडक निर्बंध होते. दुकानात जाऊन जपानी दुर्बीण विकत घ्यावी, अशी सोय सामान्य माणसास नव्हती. बोटीवर नोकरी करणारा मामा, आखातातून परतलेला शेजारी, परदेशी शिक्षणाला गेलेला पुतण्या, अशांच्या पेटीतून ती येत असे. बंगळूरच्या किंवा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जाणारे शौकीन, लष्करातील अधिकारी, कोडगूचे कॉफीमळेवाले, क्रिकेटचे भोक्ते आणि पक्षिनिरीक्षक हे तिचे मालक. बंगळुरात पक्षिनिरीक्षणाचा छंद जुना आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी येथे पक्षिनिरीक्षकांचे मंडळ सुरू झाले, आणि लालबागेतील सकाळच्या फेऱ्यांतून कित्येकांना पाखरांची ओळख झाली. सलीम अली आणि लईक फत्तेहअली यांचे भारतातील नेहमीच्या पक्ष्यांवरील पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६७ साली काढले, तेव्हा पक्षी पाहावयास निघणाऱ्या अनेकांच्या खांद्यावर असे तर बहुधा जपानी जोडदुर्बीणच असे.

आज या पिढीच्या दुर्बिणी कपाटांत, माळ्यांवर आणि जुन्या बाजारांत आहेत. येथे चिकपेटच्या परिसरात रविवारी भरणारा बाजार, मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार, कोठेही त्या भेटतात. घेताना काय पाहावे, हे क्रमाने सांगते.

अंगावर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ७×५० किंवा ८×३०. पहिला आकडा विशालनाचा. दुसरा वस्तुभिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्यास पहिल्याने भागिले म्हणजे नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास मिळतो. ७×५० मध्ये तो सुमारे ७ मिलिमीटर, ८×३० मध्ये पावणेचार. काळोखात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत विस्फारते, उतारवयात ती तेवढी उघडत नाही. म्हणून आकाश आणि समुद्र यांसाठी पहिली, तर दिवसाउजेडी पाखरे पाहण्यासाठी दुसरी. अंगावर दृश्यक्षेत्राचे अंशही कोरलेले असतात. दर अंशास १००० मीटरवर साडेसतरा मीटर रुंदीचे दृश्य, असा हिशेब धरावा.

दुर्बीण हातभर अंतरावर धरून उजेडाकडे करावी आणि नेत्रिकेतील प्रकाशवर्तुळ पाहावे. ते निखळ गोल असेल तर लोलकांची काच वरच्या प्रतीची. कडा करड्या होऊन चौकोनाचा भास होत असेल तर काच साधी. साध्या काचेची दुर्बीण टाकाऊ नसते, पण किंमत ठरविताना हे ध्यानात ठेवावे. नंतर भिंगावर दिव्याचे प्रतिबिंब पाहावे. पांढरे प्रतिबिंब म्हणजे भिंगावर लेप नाही. निळसर-जांभळे म्हणजे मॅग्नेशियम फ्लोराइडचा पातळ लेप आहे. हा लेप परावर्तन कमी करून अधिक प्रकाश आत जाऊ देतो. मग विजेरी घेऊन वस्तुभिंगातून आत डोकवावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. धुरकट पडदा दिसला तर आतील जुन्या ग्रीजची वाफ लोलकांवर बसलेली आहे. भिंगाच्या कडेशी इंद्रधनुष्यी चकत्या दिसल्या तर दोन भिंगे जोडणारा डिंक सुटू लागला आहे. हे सर्व पाहताना सूर्याच्या दिशेने दुर्बीण कदापि डोळ्यांस लावू नये. दृष्टी कायमची जाते.

शेवटची परीक्षा सर्वांत महत्त्वाची. दूरच्या इमारतीची आडवी कड किंवा विजेची तार पाहावी आणि दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू वीतभर दूर न्यावी. दोन वर्तुळांतील ती रेघ एकाच पातळीत राहिली पाहिजे. एकीकडे ती वर आणि दुसरीकडे खाली दिसत असेल, तर दोन नळ्यांचे अक्ष समांतर राहिलेले नाहीत. आपले डोळे आतल्या बाजूस थोडे वळू शकतात, परंतु एक वर आणि एक खाली असे वळणे त्यांना जमत नाही. मेंदू काही वेळ दोन प्रतिमा जुळवून घेतो आणि मग कपाळ दुखू लागते. दुर्बिणीने डोके दुखते असे म्हणून कित्येकांनी हा छंदच सोडला. दोष त्यांच्या डोळ्यांचा नव्हता. कधीतरी दुर्बीण पडली होती आणि आतला एक लोलक केसभर सरकला होता.

आता सांभाळाकडे वळू. बंगळूर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून अधिक उंचीवर असल्याने येथील हवा मुंबई-कोकणाच्या मानाने सौम्य. परंतु जून ते नोव्हेंबर या काळात दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस येथे पडतो, आणि भिंतीत बसविलेली कपाटे दमट होतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला पोषक काळ सुरू होतो. ती भिंगाच्या पृष्ठावर पसरते, आणि तिच्यातून स्रवणारी आम्ले प्रथम लेप आणि मग काचही खातात. वेळीच पुसली तर बुरशी निघते. काच खाल्ली गेल्यावर उरलेला व्रण मात्र कशानेही जात नाही.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या शहरातील एका परिचित कुटुंबाने मला वडिलांची दुर्बीण पाहावयास बोलाविले. वडील सैन्यातून निवृत्त झालेले आणि आयुष्यभर पाखरे पाहणारे. ते वारल्यावर मुलांनी त्यांची ८×३० दुर्बीण तिच्या चामडी पेटीत ठेवली, पेटी लोखंडी कपाटात ठेवली आणि कपाटास कुलूप लावले. वीस वर्षे कोणी तिला हात लावला नाही. बाहेरून ती नवी दिसत होती. आतील चारही लोलकांवर बुरशीने नक्षी काढली होती आणि ती काचेत उतरली होती. वडील हयात असताना तीस वर्षे लालबागेत आणि रंगनतिट्टूच्या नदीकाठी, दवात आणि धुळीत हिंडून जी दुर्बीण शाबूत राहिली, ती मुलांच्या आदरापोटी वीस वर्षांत आंधळी झाली. मुलांना दोष कसा द्यावा? वस्तू जपावयाची म्हणजे ती बंद करून ठेवावयाची, असेच आपण सर्व जण समजतो.

यावरून निघणारे नियम साधे आहेत. चामडी पेटी दिसावयास देखणी, परंतु ती ओल धरून ठेवते आणि चामड्यावरच बुरशी पोसली जाते. पेटी वेगळी ठेवावी, दुर्बीण वेगळी. दुर्बिणीसाठी घट्ट झाकणाचा डबा घ्यावा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखविणारे लहानसे घड्याळ ठेवावे. काटा ४० ते ५० च्या दरम्यान असावा. त्याहून कोरडे करण्याची आवश्यकता नाही. पुड्यांतील दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतात. मात्र त्यांत रसायन असते, यास्तव स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नयेत. डांबराच्या गोळ्या व कापूर शेजारी ठेवू नयेत, त्यांची वाफ काचेवर बसते. धान्याला व गाद्यांना ऊन दाखवावे तसे दुर्बिणीला उन्हात ठेवण्याचा मोह होतो, तोही टाळावा. भिंगातून एकवटलेले ऊन शेजारचे कापड पेटवू शकते, आणि आतील डिंक सैल होतो. महिन्यातून दोनदा ती बाहेर काढून तासभर पाखरे पाहावीत. एवढा वारा तिला पुरतो, आणि मालकालाही.

भिंग पुसणे हे काम शक्य तितके कमी करावे. धूळ म्हणजे वाळूचे बारीक कण. ते कापडाने घासले की लेपावर चरे उठतात. प्रथम रबरी फुग्याने हवा मारावी, नंतर मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, आणि तरीही डाग राहिलाच तर भिंगाच्या कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन मधून कडेकडे हलक्या हाताने पुसावे. थेंब भिंगावर टाकू नये. तो कडेने आत शिरतो. धोतराचा सोगा, साडीचा पदर आणि तोंडाची वाफ ही आपली परंपरागत साधने चष्म्यापुरतीच ठेवावीत.

जुन्या दुर्बिणीचा मधला चाक-पेच बहुधा आखडलेला असतो, कारण पन्नास वर्षांपूर्वीचे ग्रीज वाळून मेणासारखे झालेले असते. अशा वेळी घरातील शिलाई यंत्राचे तेल सोडण्याची बुद्धी होते. तसे कदापि करू नये. पातळ तेल सरपटत जाऊन लोलकांवर पसरते आणि दुर्बीण दूध ओतल्यासारखी पांढरी होते. जुने ग्रीज काढून तेथे न पातळ होणारे नवे ग्रीज, तेही अगदी थोडे, भरणे हाच उपाय. आणि चामड्याचा जुना पट्टा कितीही अस्सल असला तरी गळ्यात घालू नये. त्याची शिवण कुजलेली असते. पट्टा जपून ठेवावा, वापरण्यास नवा घ्यावा.

दुर्बीण उघडावी की न उघडावी, हा संग्राहकांतील जुना वाद आहे. माझे मत असे की, या दुर्बिणी उघडण्यासाठीच घडविल्या आहेत. पेच, कड्या, टोप्या, सर्व काही फिरकीचे. डिंकाने कायमचे बंद केलेले फार थोडे. नव्या काळातील रबरी कवचाच्या, नायट्रोजन भरून बंद केलेल्या दुर्बिणी पाण्यापावसात अधिक टिकतात हे खरे, पण त्या बिघडल्या की कारखान्याखेरीज कोणाच्याच हाती काही राहत नाही. जुन्या घडणीत चांगल्या दुर्बिणींच्या वस्तुभिंगांभोवती एकात एक बसणाऱ्या दोन विकेंद्री कड्या असतात. त्या फिरविल्या की भिंग किंचित सरकते आणि नळ्यांचे अक्ष पुन्हा समांतर करता येतात. इतर पुष्कळ दुर्बिणींत लोलकाच्या आधाराशी बारीक पेच असतात. म्हणजे करणाऱ्याने दुरुस्तीची वाट आधीच मोकळी ठेवली होती.

परंतु वाट मोकळी असली तरी तीवरून कोणीही चालावे असे नाही. लोलक काढण्यापूर्वी तो डावा की उजवा, वरचा की खालचा आणि कोणत्या तोंडाने बसलेला होता, याची पेन्सिलीने खूण करावी लागते. डाव्या नळीचे सामान उजवीकडे गेले की सर्व जुळणी बिघडते. आणि जुळणी करावयाची ती बिजागरी एकाच ठिकाणी ठेवून भागत नाही. ती पूर्ण उघडून आणि पूर्ण मिटूनही दोन्ही प्रतिमा एकत्र राहिल्या पाहिजेत. हे काम हाताच्या सवयीचे आहे.

ही सवय असलेले हात बंगळुरात होते, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. एचएमटी या सरकारी कंपनीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने येथे मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. घड्याळांचे उत्पादन पुढे २०१६ साली थांबले. पण या घड्याळांनी देशभर घड्याळजींच्या पिढ्या पोसल्या. जुनी एचएमटी घड्याळे आज तरुण मुले हौसेने घालतात, ती त्या घड्याळजींच्या जिवावर चालतात. माझ्या दुर्बिणी पाहणारे काकाही मुळात घड्याळजीच. दुर्बीण हाती घेतली की ते प्रथम पेचकस उचलत नाहीत. कागद घेऊन तिचे चित्र काढतात, प्रत्येक पेचास आकडा देतात, आणि मग उघडतात. त्यांचे वय सत्तरीपलीकडचे आहे. त्यांच्या शेजारी बसून शिकणारे कोणी नाही. दुर्बिणींचा तुटवडा अजून नाही, सुटे भागही एका मोडक्या दुर्बिणीतून दुसरीस मिळतात. कमी होत आहेत ती अशी माणसे. संग्राहकांनी एकमेकांशी किमतीच्या गोष्टी करण्यापेक्षा अशा एखाद्या काकांपाशी आपल्या मुलामुलींना दर रविवारी तासभर बसविले, तर संग्रहाचे मोठे काम होईल.

१९८० च्या दशकात येन महागला, आणि दुर्बिणींचा हा मोठा धंदा हळूहळू जपानबाहेर गेला : कोरिया, तैवान आणि शेवटी चीन. इताबाशीच्या लहान कारखान्यांतील पुष्कळ क्रमांक आज केवळ क्रमांक उरले आहेत. परंतु त्या विद्येने अखेरपर्यंत काय साधले याचे एक उदाहरण देते. १९९६ च्या जानेवारीअखेर जपानच्या कागोशिमा प्रांतातील युजी ह्याकुताके या हौशी आकाशनिरीक्षकांनी एक नवा धूमकेतू शोधला. मार्चअखेर तो पृथ्वीपासून सुमारे दीड कोटी किलोमीटरवरून गेला आणि जगाने तो नुसत्या डोळ्यांनी पाहिला. ह्याकुताके यांचे साधन होते २५×१५० ची जपानी फुजिनॉन जोडदुर्बीण. दोन डोळे, चांगली काच आणि रात्रीमागून रात्री बाहेर बसण्याची तयारी, एवढ्यावर हे घडले.

यास्तव संग्राहकास माझे तीन आग्रह आहेत. पहिला, प्रत्येक दुर्बिणीची नोंद ठेवा : क्रमांक, कोणाकडून आली, कधी उघडली, काय बदलले. दुसरा, तिचे वय पुसू नका. काळा रंग उडून पितळ दिसू लागलेली कड ही मालकाच्या बोटांची खूण आहे; तीवर नवा रंग देऊ नका. तिसरा, ती इतरांस वापरावयास द्या. माझ्या चौदांपैकी पाच दुर्बिणी नेहमी दुसऱ्यांकडे असतात. दोन शाळेतील मुलांकडे, एक आमच्या गल्लीतील निवृत्त शिक्षिकेकडे, आणि दोन ज्याला हव्या त्याच्याकडे. ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे त्या जातात व येतात. क्वचित एखादी ओरखडा घेऊन येते. बुरशी घेऊन मात्र अद्याप एकही आलेली नाही.

आपणांपैकी कोणाच्या घरी माळ्यावर किंवा कपाटात वडिलांची वा आजोबांची अशी एखादी दुर्बीण असेल, तर आज घरी गेल्यावर ती पेटीतून बाहेर काढावी, विजेरीने आत पाहावे आणि उद्या सकाळी ती घेऊन झाडाखाली जावे, एवढी विनंती करते.